सही तिचीच

अणदूर आणि आसपासच्या वस्त्यांवर मी आशाताई म्हणून फिरते. इथं डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारींनी हॅलो मेडिकल फाउंडेशनमधून गावोगावी आरोग्याचं काम करणाऱ्या ‘भारतवैद्य’ बायका तयार केल्या. बाईशी तिच्या दारात बसून बोलायचं, हे मी त्यातल्याच एकीचं बघून शिकले. म्हणून सातव्या महिन्यात गरोदर बाईला एकटीला गाठून विचारतेच, ‘ह्याच्यानंतर अजून लेकरू पाहिजे का गं?’

हे कळा सुरू झाल्यावर विचारूच नये. त्या वेळी बाई कशालाही हो म्हणते.

एकीला दुसरीही मुलगीच झाली. आई म्हणाली, आता ऑपरेशन करून टाका. सासू म्हणाली, मुलगा होईस्तोवर नाही. पोरगी गप्प. पण मला तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, ‘ताई, दोन बास. घरात मात्र बोलायची सोय नाही.’ मी सासूला बाहेर नेलं. ‘काकू, कागदावर सही तिचीच लागते. नवऱ्याचीसुद्धा लागत नाही.’

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. बाळंतपणानंतर गर्भाशय बेंबीच्या आसपास असतं, त्यामुळे बेंबीखाली लहानसा छेद देऊन दोन्ही गर्भनलिका बांधून कापता येतात. हे सात दिवसांच्या आत करतात; ते हुकलं तर सहा आठवडे थांबायचं. आणि तोवर सोयाबीनची रास आली, की बाईला दवाखान्यात कोण नेतंय! क्वचित ऑपरेशननंतरही दिवस जातात. पाळी चुकली तर लगेच ये, हेही मी सांगून ठेवते.

पुरुषांची नसबंदी याहून सोपी. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात ऑपरेशन झालेल्या बायका ३७.९ टक्के आणि पुरुष ०.३ टक्के. १९७६ साली बार्शीत माणसं धरून नेऊन नसबंदी केली, ते आठवून म्हातारी माणसं आजही बिचकतात. ती भीती मला समजते. पण तिचा भार बाईच्याच पोटावर का, ते समजत नाही.

बाईनं ‘नको’ म्हटलं तर तेही तितकंच खरं. एकीनं सातव्या महिन्यात ‘करते’ म्हणून सांगितलं होतं. बाळ कमी वजनाचं निघालं, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. ‘ताई, हे जगेल का नाही कळंना, आत्ता नको,’ म्हणाली. ऑपरेशनच्या यादीत तिचं नाव होतं, ते मी काढायला लावलं. तिनं तांबी बसवून घेतली. बाळ आता धरून उभं राहतं. ऑपरेशनचं ती अजून ठरवतेय.