पणिक्करांची वकिलात

‘वकील’ या शब्दाची आपल्याकडे जरा ओढाताणच झाली. पेशवाईत वकील म्हणजे परदरबारी बसलेला आपल्या धन्याचा कान आणि जीभ. पुढे इंग्रजांची कोर्टे आली, त्या शब्दाने काळा डगला चढवला, आणि मूळ धंद्याची खूण म्हणून ‘वकिलात’ तेवढी मागे उरली. जुन्या वकिलांची पत्रे वाचण्याची मला फार हौस. दरबारात काय घडले हे ती सांगतातच. पण लिहिणाऱ्याला काय घडावेसे वाटत होते, तेही नकळत सांगून जातात. ती वाचताना मला हटकून आठवण होते ती विसाव्या शतकातल्या एका वकिलाची. सरदार कावालम माधव पणिक्कर हे त्यांचे नाव.

जन्म 1895 चा, त्रावणकोर संस्थानातल्या कावालम गावचा. ऑक्सफर्डला इतिहास शिकले, परत येऊन अलीगढला तो शिकवू लागले. मग ‘हिंदुस्थान टाइम्स’चे संपादक. मग संस्थानिकांच्या पदरी. आधी पतियाळा, नंतर बिकानेर, आणि तिथे थेट दिवाण. इतक्या नोकऱ्या बदलणाऱ्याला मुलगी देताना आपल्याकडचे लोक चारदा विचार करतील! पण या सगळ्या धावपळीत त्यांची लेखणी एकाच प्रश्नाभोवती घोटाळत होती. समुद्रावरून आलेल्या मूठभर माणसांनी एवढा मोठा देश कसा गिळला? 1929 साली मलबारातल्या पोर्तुगीजांवर आणि 1931 साली डचांवर त्यांनी पुस्तके लिहिली. एप्रिल 1947 मध्ये बिकानेरचे प्रतिनिधी म्हणून ते घटना समितीत जाऊन बसले. इतर अनेक संस्थानिक तेव्हा अजून कुंपणावरच होते. 1948 साली नेहरूंनी त्यांना चीनमध्ये राजदूत म्हणून पाठवले.

आमच्या घरी मात्र या माणसाचे नाव घेण्याची सोय नव्हती. राज्य पुनर्रचना आयोगाच्या तीन सभासदांपैकी ते एक. दुसरे दोघे फाजल अली आणि हृदयनाथ कुंझरू. आयोगाचा अहवाल ऑक्टोबर 1955 मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईचे राज्य द्वैभाषिक, विदर्भ वेगळा, बेळगाव कर्नाटकात! मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. आमचे अण्णा साताऱ्यात वकिली करीत (ती काळ्या डगल्याची), आणि आवाज चढवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्या दिवशी त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली, ते कोनाड्यात ठेवले आणि जेवायला न बसताच ते बाहेर पडले. पुढे शंभराहून अधिक माणसे गोळीबारात गेली, तेव्हा कुठे 1 मे 1960 उजाडला. ज्या घराने हा काळ पाहिला, त्या घराने आयोगाच्या सभासदांची पुस्तके प्रेमाने वाचावीत अशी अपेक्षा कोण करील?

कॉलेजात असताना मी पणिक्करांचे हिंदी महासागरावरचे 1945 सालचे छोटे पुस्तक वाचनालयातून आणले. अण्णांनी मुखपृष्ठावरचे नाव पाहिले.

“हा तुला काय शिकवणार?”

“अण्णा, समुद्राविषयी आहे. राज्यांविषयी नाही.”

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुस्तक माझ्या टेबलावर नव्हते. मला वाटले, परत केले असेल. चार दिवसांनी ते आपोआप जागेवर आले, आणि रात्री जेवताना अण्णा आईला उद्देशून म्हणाले, “विजयदुर्गाचं आरमार जाळलं गेलं तेव्हा पुण्याला दिवाळी वाटली असेल. पुढं तेच महागात पडलं.” बस, एवढेच.

पुस्तकात सांगणे साधे आहे. आपण आक्रमण म्हटले की खैबरकडे पाहतो, पानिपताकडे पाहतो; पण हिंदुस्थान खऱ्या अर्थाने परतंत्र झाला तो पाण्यावरची सत्ता गेल्यामुळे. हे वाचल्यावर मराठी माणसाला 1756 आठवल्याशिवाय कसे राहील? तुळाजी आंग्र्यांना नमवायचे म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गाखाली आले, आणि आंग्र्यांची गलबते तिथे जळून गेली. भाऊबंदकीतल्या एका शत्रूचा काटा निघाला. किनारा मात्र उघडा पडला. याच क्लाइव्हने पुढल्या वर्षी प्लासी जिंकली. पणिक्करांनी मला विजयदुर्गाकडे तटावरून नव्हे, समुद्राच्या बाजूने पाहायला शिकवले, हे ऋण मी नाकारणार नाही.

आता चीनविषयी. नानकिंगमध्ये ते राजदूत असतानाच एप्रिल 1949 मध्ये कम्युनिस्ट फौजा शहरात शिरल्या. एक राजवट कोसळताना आणि दुसरी उभी राहताना पाहण्याचे भाग्य किती इतिहासकारांच्या वाट्याला येते? 1950 च्या मे महिन्यात ते नव्या सरकारकडे राजदूत म्हणून पेकिंगला रुजू झाले. जूनमध्ये कोरियात युद्ध पेटले. 2 ऑक्टोबरच्या मध्यरात्री त्यांना झोपेतून उठवण्यात आले. पंतप्रधान चाऊ एन-लाय यांनी तातडीने बोलावले होते. चाऊंनी सांगितले ते थोडक्यात असे: दक्षिण कोरियाचे सैन्य 38 वी अक्षरेषा ओलांडून आले तर गोष्ट वेगळी, पण अमेरिकन फौजा आल्या तर चीन युद्धात उतरेल. पेकिंगमध्ये अमेरिकेची वकिलात नव्हती. निरोप जायचा तो पणिक्करांकडूनच. त्यांनी दिल्लीला तार केली, आणि तिथून तो लंडनला व वॉशिंग्टनला पोहोचला.

वॉशिंग्टनने तो मानला नाही. हा राजदूत चिन्यांच्याच बाजूने बोलतो असे ट्रूमन यांचे मत होते, आणि तसे त्यांनी आपल्या आठवणींतही लिहून ठेवले आहे. काही दिवसांतच अमेरिकन फौजांनी रेषा ओलांडली. त्याच महिन्यात चिनी सैन्य यालू नदी उतरून आले. शस्त्रसंधी व्हायला जुलै 1953 उजाडले. त्यानंतर युद्धकैद्यांची राखण करायला जी भारतीय फौज कोरियात गेली, तिचे सेनापती आपले शंकरराव थोरात होते.

त्या रात्री पणिक्कर खरे ठरले, आणि माझ्या मते याचे कारण असे की त्या रात्री ते इतिहासकार नव्हते. नुसते वकील होते. कान आणि जीभ.

तिबेटच्या वेळी तसे झाले नाही. त्याच ऑक्टोबरात चिनी सैन्य तिबेटात शिरले. 7 नोव्हेंबरला सरदार पटेलांनी नेहरूंना जे प्रसिद्ध पत्र लिहिले, त्यात आपले राजदूत चिनी धोरणाचे समर्थन शोधण्यातच शिणत आहेत अशी स्पष्ट तक्रार आहे. पत्र आजही वाचवत नाही इतके ते कडू आहे. पणिक्कर भोळे होते म्हणावे तर मन घेत नाही. संस्थानिकांच्या दरबारात मुरलेला माणूस भोळा कसा असेल? पण वास्को द गामा कालिकतला उतरला त्या 1498 पासूनची साडेचारशे वर्षे त्यांनी डोक्यात वागवली होती. 1953 साली निघालेला त्यांचा मोठा ग्रंथ तर आशियावरच्या पाश्चात्त्य वर्चस्वाचीच कहाणी सांगतो. ती रात्र सरून आशिया जागा होत आहे, हे त्यांना पेकिंगच्या रस्त्यांवर डोळ्यांनी दिसत होते. इतकी वर्षे वाट पाहिलेल्या सूर्योदयाच्या वेळी, शेजारी हळूच आपले कुंपण सरकवतो आहे, हे कोण बघतो? पटेलांनी कुंपण पाहिले. ते काही इतिहासकार नव्हते. बार्डोलीच्या शेतसाऱ्याचा लढा लढलेला माणूस तो!

तरीही पूर्वी आमच्या घरी होत असे तसा एका वाक्यात त्यांचा निकाल लावणे मला जमत नाही. ज्या आयोगाने आमचे घर दुखावले, त्याच आयोगात उत्तर प्रदेश फार अवाढव्य आहे, तो विभागावा, अशी भिन्नमतपत्रिका त्यांनी एकट्याने जोडली होती. ती कोणी मनावर घेतली नाही. 2000 साली उत्तराखंड वेगळा झाला, तो निराळ्या रेषेवर आणि निराळ्या कारणाने.

पुढे कैरोनंतर पॅरिसची वकिलात, मग राज्यसभा, मग काश्मीर आणि म्हैसूर या विद्यापीठांचे कुलगुरुपद. चीनने 1962 साली आपल्यावर केलेले आक्रमण त्यांना पाहावे लागले. 10 डिसेंबर 1963 रोजी म्हैसूरला ते वारले.

या सगळ्या उद्योगात हे गृहस्थ मल्याळममध्ये कादंबऱ्याही लिहीत. ‘केरळसिंहम्’ ही त्यांतली एक, पळश्शी राजावरची. वायनाडच्या रानात या राजाने इंग्रजांना वर्षानुवर्षे झुंजवले, आणि त्याच्यावर चालून गेलेल्यांत ऑर्थर वेलस्ली होता. 1803 साली असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव करणारा तोच वेलस्ली. आपल्याकडे येण्यापूर्वी हा पाहुणा तिकडच्या रानात काय शिकून आला, हे कादंबरीकार पणिक्करांनी कसे रंगवले असेल? मला मल्याळम येत नाही याचे जे काही दुःख आहे, त्यातले बरेचसे या एका पुस्तकापायी आहे.