गाडी कोणत्या सालची?

मागचे दोन महिने आमच्या घरात एकच वाद होता. चौदाची की एकोणीसची?

विषय जुन्या अर्टिगाचा. आईला दर महिन्याला तपासणीसाठी संभाजीनगरला न्यावं लागतं. जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर. एसटीची पायरी तिच्या गुडघ्यांना झेपत नाही आणि दरवेळी भाड्याची गाडी पत्रकाराच्या मानधनाला झेपत नाही. घरात माणसं सहा. परदेशात अशा कुटुंबाकडे स्टेशन वॅगन असते म्हणे. टाटांनी 1992 मध्ये ‘इस्टेट’ आणून तो प्रयोग आपल्याकडेही केला होता, पण तो काही रुजला नाही. आपली स्टेशन वॅगन म्हणजे सात सीटर. नवीची ऐपत नाही, म्हणून सेकंडहँड.

दोन गाड्या बघितल्या. एक 4 लाख 60 हजारांची, दुसरी 7 लाख 30 हजारांची. पहिलीवाला फोनवर म्हणाला होता, “पंधराचं मॉडेल आहे भाऊ.” आरसी हातात घेतली तर नोंदणी फेब्रुवारी 2015, पण गाडी कारखान्यातून निघाली ऑक्टोबर 2014 ला. म्हणजे गाडी चौदाची, भाव पंधराचा. हे बोललो तर तो हसला, “साहेब, एवढं कोण बघतं?”

ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन गेलो. त्यानं बोनेट उघडलं, इंजिनचा आवाज ऐकला, खाली वाकून बघितलं. म्हणाला, “सायेब, चौदाचीच घ्या. इंजन झकास आहे. पावणेतीन लाख कशाला उगं घालवता? गाडी गाडीच असते.”

मला पटलं. बयाणा द्यायचंही ठरलं होतं.

त्या रात्री मागच्या वर्षीची माझीच एक बातमी आठवली. जुनी सात सीटर झाडावर आदळली होती. पुढच्या सीटवरची बाई जागेवर गेली. मी लिहिलं होतं, ‘चालकाचे नियंत्रण सुटल्याने’. वीस वर्षं पत्रकारिता करतोय. हे वाक्य किती वेळा लिहिलं, मोजदाद नाही. पण गाडी कोणत्या सालची होती, तिच्यात एअरबॅग होती का, हे एकदाही विचारलं नाही. पोलिसांनाही नाही आणि स्वतःलाही नाही.

मग बसून नियम काढले. तुम्हीही एकदा वाचा.

समोरून धडकेच्या चाचणीची सक्ती 1 ऑक्टोबर 2017 पासून नव्याने येणाऱ्या मॉडेलना आली आणि 1 ऑक्टोबर 2019 पासून आधीपासून बनत असलेल्या मॉडेलनाही. गावोगावची लाडकी ओम्नी 2019 मध्ये बंद झाली ती अशाच नियमांपुढे टिकणार नव्हती म्हणून.

1 जुलै 2019 पासून बनणाऱ्या प्रत्येक कारला चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण करून देणारा आवाज, 80 च्या पुढे वेग गेला की इशारा आणि रिव्हर्सचा सेन्सर सक्तीचा झाला.

शेजारच्या सीटची एअरबॅग? ती नव्या मॉडेलना 1 एप्रिल 2021 पासून आणि चालू मॉडेलना मुदत वाढवत वाढवत 31 डिसेंबर 2021 पासून.

गुडघ्यांमुळे आई पुढे, माझ्या शेजारीच बसते. म्हणजे अडीच वर्षं कायद्याच्या लेखी माझ्या जिवाला किंमत होती, तिच्या नव्हती.

चौदाची गाडी खालच्या मॉडेलची. एअरबॅग एकही नाही, एबीएस नाही. एकोणीसची ही नोव्हेंबर 2018 मध्ये आलेल्या नव्या पिढीची. तिच्यात दोन्ही एअरबॅग आणि एबीएस कंपनीनं खालच्या मॉडेलपासूनच दिलेले. म्हणून ती काही रणगाडा नाही. 2019 च्या ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला पाचपैकी तीनच तारे मिळाले. पण शून्य एअरबॅग आणि दोन एअरबॅग यातला फरक कळायला तारे मोजावे लागत नाहीत.

मला खरं खुपलं ते दुसरंच. नियम नव्या गाडीला लागतो. बाजारात आधीपासून फिरणाऱ्या गाडीला तो लागत नाही. त्या गाड्या शहरातून जालन्यात, जालन्यातून मंठ्या-भोकरदनला उतरत जातात. शोरूममधून गाडी घेणाऱ्याला 2019 मध्ये मिळालेली सुरक्षा आमच्यासारख्याच्या दारात सहा-सात वर्षांनी येते. त्यातही बँक जुन्या गाडीला कर्ज देताना मुदत कमी आणि व्याज जास्त लावते. मग माणूस रोखीत बसेल तेवढी जुनी घेतो. आणि तीच गाडी घेऊन समृद्धीवर चढतो, जिथं वेगाची मर्यादा 120 आहे. रस्ता नवा, गाडी जुन्या कायद्याची.

कुणी जुनी गाडी बघत असेल तर एवढं करा:

• आरसीवर नोंदणीची तारीख आणि उत्पादनाचा महिना-वर्ष वेगवेगळं असतं. दोन्ही वाचा. भाव उत्पादनाच्या वर्षावर ठरवा.

• स्टिअरिंगवर आणि डाव्या बाजूच्या डॅशबोर्डवर ‘एसआरएस’ किंवा ‘एअरबॅग’ लिहिलंय का बघा. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. लागलाच नाही, तर गाडी आधी ठोकलेली असू शकते.

• टायरवर चार आकडी नंबर असतो. 2318 म्हणजे 2018 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली दिसो, सहा-सात वर्षांचा टायर समृद्धीवर नेऊ नका.

• 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. मागा. मी मागितलं तेव्हा पहिला डीलर पुन्हा हसला. आपल्या आरटीओनं एकदा गाडीबाजारात फेरी मारावी, ही जाहीर विनंती.

आम्ही एकोणीसची घेतली. वरच्या खोलीचा स्लॅब पुढच्या वर्षावर गेला. बायको दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी आईला पुढे बसवून तिनं स्वतः पट्टा लावून दिला. आई म्हणाली, “एवढं जखडून कशाला ठेवता गं मला?”

यापुढे माझ्या अपघाताच्या बातमीत एक ओळ जास्त असेल, गाडी कोणत्या सालची होती. जिल्ह्यातल्या पत्रकार मित्रांनो, तुम्हीही विचारा. ‘नियंत्रण सुटल्याने’ लिहून आपण बरंच काही सोडून देतोय.