परतीचं भाडं

डेक्कन क्वीन ही मुळात रेसवाल्यांची गाडी, असं मामा सांगायचा. आणि सांगताना रुबाब असा, की गाडी जणू त्याच्या आजोबांनीच सुरू केली. गोष्ट मात्र खरी आहे. १ जून १९३० ला ही गाडी धावू लागली ती शनिवार-रविवारी मुंबईच्या शौकिनांना पुण्याच्या रेसकोर्सवर पोचवण्यासाठी. पावसाळ्यात महालक्ष्मीला रेस होत नाहीत. मग घोडे, जॉकी, ट्रेनर, बुकी आणि त्यांच्यामागोमाग पैसे हरणारे, असा सगळा संसार जुलैच्या सुमाराला घाट चढतो आणि दिवाळीच्या आगेमागे खाली उतरतो. मामा स्वतः डेक्कन क्वीनने कधी गेला नाही. तो जायचा शनिवारी सकाळच्या साध्या गाडीने. भाड्यात जे वाचतं त्यात एक रेस खेळून होते, हा त्याचा हिशेब.

मामा कंपोझिटर होता. गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायचा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेशोत्सवाचे अहवाल, आणि पावसाळा सरत आला की दिवाळी अंक. उलटी अक्षरं भराभर वाचायची त्याला सवय होती. समोरच्याच्या हातातलं वर्तमानपत्रही तो पलीकडून वाचून मोकळा व्हायचा. शुक्रवारी रेसचं पुस्तक हातात पडलं की जेवणं झाल्यावर चाळीच्या गॅलरीत दिव्याखाली बसायचा, कानावर पेन्सिल. एकेका घोड्याच्या नावापुढे बारीक टाइपात त्याची कर्मकहाणी: मागच्या वेळी किती मीटर धावला, पाठीवर किती किलो होते, कितवा आला, किती लेंग्थने मागे राहिला. आमच्या घरात इतकं मन लावून दुसरं काही वाचताना मी कुणाला पाहिलं नाही. पोथीसुद्धा नाही.

मामीने भांडून पाहिलं होतं, अबोला धरून पाहिला होता. एका श्रावणात तिने तिसरा उपाय काढला. पंचाहत्तर-शहात्तरचा सुमार असेल, मी सुट्टीला नव्हे, अशीच चार दिवस तिच्याकडे राहायला गेले होते. "पोरीला पुणं दाखवून आणा," ती मामाला म्हणाली. "एम्प्रेस गार्डन बघितलं नाही तिने अजून." एम्प्रेस गार्डन रेसकोर्सला खेटून आहे हे मामीला पक्कं माहीत होतं. मामाला नाही म्हणता येईना. निघायच्या आदल्या रात्री तिने दोघांच्या परतीच्या तिकिटांचे पैसे रुमालाच्या गाठीत बांधले, तो रुमाल माझ्या फ्रॉकच्या आतल्या खिशात ठेवून वर सेफ्टी पिन लावली आणि कानाशी येऊन म्हणाली, "मागितले तरी द्यायचे नाहीत. डोळ्यांत पाणी आणलं तरी."

कर्जतला गाडीला मागून इंजिनं लागली, आम्ही वडे खाल्ले. एम्प्रेस गार्डनमध्ये आम्ही किती वेळ होतो ते सांगण्यात अर्थ नाही. मामाने मला एक मोठं झाड दाखवलं, त्याचं नाव वाचायला लावलं, म्हणजे घरी विचारलं तर सांगता यावं. मग आम्ही शेजारी गेलो. दारावरच्या माणसाशी मामाचं काहीतरी हलक्या आवाजात बोलणं झालं आणि मी आत होते.

माझी समजूत होती की रेस म्हणजे पळणं. मामा मला आधी पॅडॉकपाशी घेऊन गेला. कुंपणाच्या आत मोतद्दार घोड्यांना लगामाला धरून गोल फिरवत होते. "पळणं दोन मिनिटांचं," मामा म्हणाला, "बघायचं असतं ते इथे." मग त्याने बघायला शिकवलं. कुणाचे कान पुढे आहेत, कुणाचे पडलेत. कोण खांद्यातून सैल चालतोय. कुणाची कातडी चमकतेय आणि कुणाची नुसतीच ओली आहे. एक काळपट घोडा मोतद्दाराला ओढत, तिरका नाचत चालला होता, मांड्यांच्या आत घामाचा पांढरा फेस. मला तोच आवडला. मामा म्हणाला, "हा आत्ताच पळून झालाय. मनातल्या मनात." तो घोडा शेवटून दुसरा आला.

जॉकी वजनकाट्यावरून खोगीर घेऊन येतात, हे मी तिथेच पाहिलं. चांगल्या घोड्याला जास्त वजन द्यायचं आणि कच्च्याला कमी, म्हणजे सगळे एकमेकांच्या जवळ येतात. जॉकीचं वजन कमी भरलं तर खोगिराखाली शिशाच्या पट्ट्या घालायच्या. "आपलंच शिसं," मामा म्हणाला. दिवसभर खिळे हाताळून त्याच्या बोटांची टोकं करडी पडलेली असत, जेवायच्या आधी तो साबणाने दोनदा हात धुवायचा. जिंकणाऱ्याच्या पाठीवर शिसं चढवत जायचं, हरणाऱ्याच्या पाठीवरून उतरवत जायचं, ही न्यायाची तऱ्हा त्याला भलतीच पसंत होती. चाळीत कुणाला बढती मिळाली, कुणाचा मुलगा अमेरिकेला गेला, की तो गंभीर चेहऱ्याने म्हणायचा, "चढवा याच्यावर दोन किलो."

टोटची खिडकीही त्याने समजावून सांगितली. तिथे तुम्ही रेस क्लबाशी पैज लावत नाही, एकमेकांशी लावता. सगळ्यांचे पैसे एका ढिगात पडतात. त्यातून सरकार आपला कर काढून घेतं, क्लब आपलं कमिशन काढून घेतो आणि उरलेला ढीग जिंकणाऱ्यांत वाटला जातो. म्हणजे घोडे गेटमध्ये शिरायच्या आधीच खेळणारे सगळे मिळून काहीतरी हरून बसलेले असतात. मी हे बोलून दाखवलं तेव्हा मामाने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "बरोबर," म्हणाला, "पण एकटा माणूस सगळ्यांमध्ये नसतो." या वाक्याने किती घरं बसली असतील, हे मला पुढे कळलं.

जॉकींमध्ये मराठी नावं आहेत याचा त्याला अभिमान होता. पांडू खाडे, शामू चव्हाण, वसंत शिंदे. ही नावं तो गावसकर, वाडेकर यांच्या पंगतीला बसवायचा. त्यांच्यावर कुणी दिवाळी अंकात लेख का लिहीत नाही, ही त्याची तक्रार. घोडीही शर्यतीत असते का, असं मी विचारलं तर म्हणाला, १९४३ साली पहिली इंडियन डर्बी झाली ती घोडीनेच मारली, प्रिन्सेस ब्युटिफुल, बडोद्याच्या महाराजांची. त्यानंतर प्रत्येक रेसमध्ये मी घोडी शोधू लागले.

शनिवारी तो थोडे जिंकला. रात्री रास्ता पेठेत त्याच्या मावसभावाकडे मुक्काम, तिथे सगळ्यांसाठी श्रीखंड नेलं. मावसभावाने एम्प्रेस गार्डन कसं वाटलं विचारलं, मी झाडाचं नाव सांगितलं.

रविवारी त्याने ट्रेबल लावली. सांगितलेल्या तीन रेसचे तिन्ही विजेते बरोबर यावे लागतात. पहिला घोडा सहज आला. दुसरा आला तो पावसाच्या भुरभुरीत, शेवटच्या शंभर मीटरला, आणि शेजारच्या अनोळखी माणसाने मामाला मिठी मारली. मामाकडे आता लोक येऊ लागले. "काय म्हणता, पुढच्यात काय?" छापखान्यात त्याला कुणी काही विचारत नसे, हाताखाली कागद यायचा, तो जुळवायचा. इथे टोपीवाले, सूटवाले, एक पारशी म्हातारा, सगळे त्याच्या पेन्सिलीकडे बघत उभे. तो घाई करत नव्हता. पान उलटून, मागचं पान पुन्हा बघून, मग सांगत होता.

तिसऱ्या रेसला दोन घोडे एकत्र रेषेवरून गेले. फोटो मागवला. फोटो येईपर्यंतच्या त्या वेळात एवढ्या मोठ्या मैदानात बोलणारं कुणी नव्हतं. मग आकडा वर चढला, तो आमचा नव्हता. शॉर्ट हेड, म्हणजे घोड्याच्या तोंडाइतकंही अंतर नाही. विचारायला आलेली माणसं पांगली. पारशी म्हातारा तेवढा जाता जाता मामाच्या पाठीवर थोपटून गेला.

एक रेस उरली होती आणि मामाचे खिसे रिकामे होते. त्याने माझ्याकडे पाहिलं. "रुमाल आहे ना?" मी पिनेवर हात ठेवला. तो काही बोलला नाही, पॅडॉककडे गेला. परत आला तो उजळलेल्या चेहऱ्याने. पुस्तकात एका नावाखाली रेघ मारून मला दाखवली, "घोडी आहे," म्हणाला. पुन्हा एकदा पिनेकडे पाहिलं आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घालून कठड्याला टेकून उभा राहिला. घोडी आली. चार लेंग्थ पुढे, आणि भाव असा की मामीचं वर्षाचं वाणसामान भरलं असतं. मला रडू फुटलं. मामा मात्र हसत होता, मला खांद्याला धरून हलवत होता, "बघितलंस? बघितलंस?" शनिवारच्या जिंकण्याने तो इतका खूश झाला नव्हता. परतीच्या गाडीत लोणावळ्यापर्यंत त्याने ती रेस मला तीनदा सांगितली.

मामीला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अंदाज बरोबर येऊन पोट भरत असेल तर रोज बरोबर येऊ दे."

मी त्याला साधू करणार नाही. त्याच हिवाळ्यात महालक्ष्मीच्या सीझनला मामीच्या पाटल्या गेल्या. आधी गहाण, मग कायमच्या. माझ्या मामेभावाची फी माझ्या आईने भरली आणि वर्षभर दोन्ही घरांत त्याबद्दल कुणी बोललं नाही. मामी दुपारी शेजाऱ्यांच्या साड्यांना फॉल लावू लागली. गॅलरीत मामा पुस्तक वाचत बसलेला आणि आत दोऱ्याचं रीळ घेऊन मामी, हे मी पाहिलेलं आहे. मला त्याचा राग येई आणि त्याच्याशेजारी जाऊन बसावंसंही वाटे.

छापखान्यात ऑफसेट आलं आणि खिळे मोडीत गेले. मामाला मालकाने प्रूफं वाचायला ठेवलं, पण नजर उलट्या अक्षरांना सरावलेली. सुलट मजकुरातल्या चुका त्याच्या हातून निसटू लागल्या. रेस तेवढी राहिली. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ आहे, जुगार नव्हे. मामाने कात्रण कापून मामीसमोर ठेवलं. मामीने चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं. "म्हणजे तुम्ही जुगारी नाही," म्हणाली, "तुम्हाला येत नाही, एवढंच."

कोकणात आमच्या एका काकांना साप चावला आणि इंजेक्शनने ते वाचले. घरात डॉक्टरांचं, देवाचं, शेजाऱ्याच्या जीपचं कौतुक चाललं होतं. मामाने मध्येच विचारलं, "कुठला घोडा असेल?" सर्पदंशावरचं इंजेक्शन घोड्याच्या रक्तापासून करतात, परळच्या हाफकिन संस्थेकडे त्यासाठी घोडे असतात, हे त्याला ठाऊक होतं. पुण्याच्या पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे हाफकिनला जात आणि त्यातूनच १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, हेही त्यानेच आम्हाला सांगितलं. तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. कोविडच्या साथीत दंडावर सीरमचीच कोविशील्ड लस घेताना मला हे आठवलं, पण ज्याला सांगावं तो नव्हता.

मामा मे महिन्यात गेला. मुंबईच्या रेस एप्रिलअखेर संपल्या होत्या, पुण्याच्या सुरू व्हायच्या होत्या. "सीझन संपवून गेले," मामी म्हणाली. ट्रंकेत त्याच्या वह्या निघाल्या, कंपोझिटरच्या मोत्यासारख्या अक्षरात. मला वाटलं होतं पैशांचे आकडे असतील. पैसे कुठेच नव्हते. होत्या त्या रेस: कोणता घोडा, किती वजन, कुणी चालवला, कुठे मागे पडला, आणि समोर त्याचा शेरा. "वळणावर बाहेर गेला." "दहा दिवस लवकर आणला." "घोडा बरोबर, मी उशिरा ओळखला." पुण्याचा तो रविवार शोधला. शेवटच्या रेससमोर नुसतं लिहिलं होतं, "भाची साक्षीला."

आता त्या मैदानांवर पूर्वीची गर्दी नसते. २०१७ पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, २०२५ च्या सप्टेंबरपासून तो ४० टक्के झाला. एकटा माणूस सगळ्यांमध्ये नसतो म्हणणाऱ्या मामालाही या हिशेबापुढे पेन्सिल खाली ठेवावी लागली असती. किंवा नसती ठेवली, सांगता येत नाही.

२०२४ मध्ये बातमी आली की महालक्ष्मीच्या १८८३ पासूनच्या रेसकोर्सची वाटणी झाली. मामी आता नव्वदीला टेकली आहे, डोळे गेलेत, पेपर वाचून दाखवावा लागतो. मी वाचलं: १२० एकर महापालिकेकडे उद्यानासाठी, ९१ एकर क्लबकडे रेससाठी.

"आणि माझ्या पाटल्या कुठल्या भागात आल्या?"

मी म्हटलं, "बागेच्या."

"बरं झालं," मामी म्हणाली. "आता आत जायला तिकीट तरी पडणार नाही."