पलंगाखालचं स्टेशन

दोन खोल्यांच्या घरात मॉडेल रेल्वे मांडायची, तर रुळांआधी घरच्यांची मनं जोडावी लागतात! एचओ मापाचा रूळ जेमतेम १६.५ मिलिमीटर रुंद. पण गाडी गोल फिरवायची तर निदान ८०-९० सेंटिमीटर रुंदीची फळी हवी. ती हॉलमध्ये मांडली, की पाहुणे येताच पहिली गदा तिच्यावरच येते. चार वेळा रूळ आवरून ठेवले, की पाचव्यांदा खोकं उघडावंसंच वाटत नाही. निवृत्तीनंतर मोठ्या उत्साहाने धरलेला छंद असा नकळत सुटतो.

अशा घराला एन माप बरं. रूळ ९ मिलिमीटरचा; ६० सेंटिमीटर रुंदीच्या फळीवर पूर्ण फेरी बसते. खाली चाकं लावली, की फळी मांडल्या रुळांसह पलंगाखाली सरकते. वर झाकण मात्र हवंच. रुळांवर धूळ बसली, की इंजिनाला वीज नीट मिळत नाही.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींच्या छंदातून १९९८ साली लघुरेल्वेचं संग्रहालयच उभं राहिलं. प्रत्येकाला तेवढी जागा कुठली मिळायला? पण जेवणाच्या वेळी कुणाला उचलावी लागणार नाही अशी एक फळी मिळाली, तरी छंद आणि घरातली शांतता दोन्ही रुळांवर राहतात.