केसी, विटी-दांडू आणि पाचवीचा वर्ग



बेसबॉल आपल्याकडं कोण खेळतं? शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत त्याचं नाव असतं, पण शिरूर-दौंडच्या वाड्यावस्त्यांवर मैदान म्हटलं की टेनिस बॉलचं क्रिकेट, नाहीतर जत्रेतला कुस्तीचा आखाडा. तरीही बेसबॉलवरची एक जुनी अमेरिकन कथाकविता मी पाचवीच्या वर्गात मराठीतून सांगते. तुम्हीही सांगून बघा. तिचं नाव 'केसी ॲट द बॅट'. अर्नेस्ट थेअर यांची ही कविता ३ जून १८८८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या 'एक्झामिनर' या वर्तमानपत्रात टोपणनावानं छापून आली. पुढं डीवुल्फ हॉपर नावाच्या नटानं ती रंगमंचावरून वर्षानुवर्षं म्हटली आणि ती लोकांच्या तोंडी बसली. म्हणजे आपल्या पोवाड्यासारखंच. डोळ्यांनी वाचण्यापेक्षा उभं राहून म्हणायची चीज.

आधी खेळ कळायला हवा. त्यासाठी पुस्तक नको, विटी-दांडू पुरे. आमच्या भागात विटीला टोला मारायला तीन संधी मिळतात, तिन्ही हुकल्या की बाद. बेसबॉललाही तसंच. फक्त एक फरक पोरांना ठासून सांगावा लागतो. चेंडू नीट टप्प्यात आला आणि तुम्ही दांडू हलवलाच नाही, तरी एक संधी गेली! आपली पोरं क्रिकेटवाली, त्यांना वाटतं चेंडू सोडला तर काय बिघडतं? हा नियम डोक्यात बसला नाही तर सगळी कविता वाया जाते.

मग फळ्यावर हिशेब मांडायचा. मडव्हिल गावाचा संघ २, समोरचा ४. शेवटचा डाव. तीन गडी बाद झाले की खेळ खलास, आणि कूनी व बॅरोज हे दोघं आधीच गेलेत. काही प्रेक्षक उठून घरी निघालेत. बाकीचे एकाच आशेवर बसलेत, की केसीला खेळायला मिळावं. पण केसीच्या आधी दोघं आहेत, फ्लिन आणि ब्लेक. गावाच्या लेखी दोघंही बिनकामाचे. आणि नेमके तेच दोघं चेंडू झोडतात, धावत जाऊन मैदानात एक तिसऱ्या, एक दुसऱ्या टप्प्यावर उभा राहतो. आता केसीनं चेंडू मैदानाबाहेर मारला तर किती? तिघांच्या तीन धावा, दोन अधिक तीन पाच. पोरं आपणहून ओरडतात, "जिंकलो, मॅडम!"

तेरा कडव्यांच्या या कवितेतली पाच कडवी नायक मैदानात यायच्या आधीच संपतात. शाहीर कसा मुख्य वीराला लवकर पुढं आणत नाही, आधी वातावरण तापवतो, तसं. आणि कवी मोजदादही मजेशीर देतो, दहा हजार डोळे, पाच हजार जिभा. माझ्या वर्गातल्या एकानं लगेच भागाकार करून प्रेक्षक पाच हजार, असं सांगून टाकलं. (गणिताचा तास वेगळा घ्यायची गरज उरली नाही!)

केसी येतो, हसत, टोपीला हात लावत. पहिला चेंडू सोडतो, हा आपल्या तोलाचा नाही म्हणून. पंच संधी मोजतो. लोक पंचाच्या जिवावर उठतात, केसी हात वर करून त्यांना शांत करतो. दुसराही सोडतो. आता मात्र त्याचं हसू जातं, दात आवळले जातात. तिसरा चेंडू येतो आणि केसी सगळ्या ताकदीनं दांडू फिरवतो.

इथं थांबा. खरंच थांबा, वर्गात अगदी टाचणी पडली तरी ऐकू येते. कारण कवीही इथंच थांबतो. चेंडू लागला की नाही ते सांगतच नाही. शेवटच्या कडव्यात तो आपल्याला भलतीकडंच नेतो, जगात कुठंतरी ऊन पडलंय, बँड वाजतोय, मुलं ओरडतायत. आणि अगदी शेवटच्या ओळीत कळतं की मडव्हिलमध्ये आनंद नाही, केसी हुकला.

यावर बहुतेक जण एका वाक्यात मोकळे होतात, गर्वाचं घर खाली. चुकीचं नाही, पण मला ते अपुरं वाटतं. केसीच्या मनात काय चाललंय हे कविता फारसं सांगतच नाही. ती सांगते ते प्रेक्षकांच्या बाकावरून. "केसी मारणारच" हे त्या पाच हजार लोकांनी ठरवलेलं असतं. पोवाड्यात झीलकरी "जी जी" म्हणत शाहिराला चढवतात, तसे ते त्याला चढवतात. पहिले दोन चेंडू सोडणं हा त्यांच्यासाठीचाच खेळ होता, असं मला वाटतं.

पालकहो, हे तुमच्यासाठी. पुणे जिल्ह्याचं नवोदय विद्यालय आपल्याच शिरूर तालुक्यात, पिंपळे जगतापला आहे. सहावीच्या जागा ८०, आणि ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते. भीमेच्या अलीकडं शिरूर, पलीकडं दौंड, दोन्हीकडं पाचवीच्या वर्गात एखादं पोर असतंच, ज्याच्याबद्दल घरादारानं, आळीनं, आम्हा शिक्षकांनीसुद्धा ठरवून टाकलेलं असतं की "हा लागणारच". निकालानंतर त्या पोराला सांत्वन करणारे खूप भेटतात. निकालाआधी "नाही लागलास तरी संध्याकाळी जेवायला काय करू?" असं विचारणारं घरातलं एक माणूस त्याला हवं असतं.

आता माझा आवडता प्रश्न. या सामन्यात सगळ्यांत चांगलं कोण खेळलं? सुरुवातीला सगळा वर्ग "केसी" म्हणतो. मग फळ्याकडं बघतात, आणि कोणीतरी हळूच म्हणतं, "फ्लिन नि ब्लेक." गेल्या वेळी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ते दोघं अजून तिथंच उभेत का?"

कवितेत खरोखर ते तिथंच राहतात. केसी आल्यावर कवीनंही त्यांच्याकडं वळून पाहिलेलं नाही. म्हणून स्वाध्याय मी तोच दिला: त्या संध्याकाळी ब्लेक घरी गेला, आईनं विचारलं, "काय झालं रे?" पुढं दहा ओळी लिहा. त्या मुलीनं चारच लिहिल्या. तिचा ब्लेक म्हणतो, "हरलो. पण माझा बसला होता, आई. कुणी बघितलं नाही."

तुमच्या वर्गात हा स्वाध्याय देऊन बघा, आणि मागच्या बाकांवरच्या वह्या आधी तपासा.