ओढायचं, ढकलायचं नाही

वळवानं दंडोबा डोंगराच्या पायवाटेवर झाडं आडवी पडली होती. वन खात्याच्या परवानगीनं आज ती हटवली. हातात दोघांनी ओढायची लांब करवत.

ही करवत ढकलायची नसते, फक्त ओढायची. समोरचा ओढतो तेव्हा आपण हात सैल सोडायचा. ढकललं की पातं वाकतं. जोर लावायला सरावलेल्या हातांना हे सैल सोडणंच अवघड. दोन्ही टोकांना टेकलेलं खोड वरून कापलं की काप मिटतो आणि पातं आवळलं जातं. म्हणून काप जरा खोल गेला की मागून पाचर ठोकायची. चीक चिकटला तर रॉकेलचा बोळा फिरवायचा. उताराच्या खालच्या अंगाला कुणी थांबायचं नाही.

अमेरिकेत १९६४च्या कायद्यामुळे राखीव रानांत यंत्राची करवत सहसा चालत नाही. तिथले स्वयंसेवक आजही अशी दोघांची करवत ओढायला शिकतात. महाराष्ट्राचा वृक्षतोडीवर निर्बंध घालणारा कायदाही १९६४चाच.

मिरजेच्या पूर्वेकडच्या या कमी पावसाच्या मुलखात प्रत्येक झाड मोलाचं आहे. वाट मोकळी करायला जाल, तेव्हा आधी परवानगी घ्या आणि पडलेलंच कापा. उभ्याला हात लावू नका.