मापाची गाडी

लहानपणी आम्ही सायकल शिकलो ती वडीलधाऱ्यांच्या सायकलीवर, नळीखालून पाय घालून, अंग वाकडे करून. यंत्र आहे तसेच राहावयाचे आणि माणसाने त्यास जुळते व्हावयाचे, अशी आमची समजूत तेव्हापासूनच दृढ झाली होती. ती आमच्या पुतणीने खोटी पाडली.

आमच्या वडील बंधूंच्या पश्चात त्यांची बुलेट उरली. बंधू चांगले धिप्पाड. मुलगी जेमतेम पाच फुटांची. गाडीचे वजन पावणेदोनशे किलोंहून अधिक, बैठक जमिनीपासून सुमारे ८०० मिलिमीटर उंच. ही गाडी मुळात इंग्लंडातली. १९५५ पासून मद्रासेस तयार होऊ लागली तीही लष्कराच्या मागणीवरून. तीत अशा मुलीचा विचार कोणी कशास करील? रंकाळ्याच्या वळणावर थांबताना तिचा पाय पोचला नाही. गाडीसह ती आडवी झाली व गुडघा फुटला.

“गाडी विकून टाक,” आम्ही म्हणालो.

“काका, मी ती माझ्या मापाची करून घेते.”

उद्यमनगरातील एका मिस्त्रींकडे आम्हीही गेलो. त्यांनी आधी तिला गाडीवर बसवून नुसते पाहिले. मग पकडीचे बोल्ट सैल करून हॅन्डल तिच्याकडे किंचित फिरविले. क्लच-ब्रेकच्या दांड्या मनगटाच्या रेषेत आणल्या. हॅन्डल दोन्ही बाजूंस पुरते वळवून केबल ताणत नाही ना, मूठ टाकीस लागत नाही ना, हे पाहिले आणि मगच बोल्ट आवळले.

“गाडीच खाली का घेत नाही?” आम्ही विचारले.

“मग खड्ड्यात घासंल, आणि साइड स्टँडवर नीट कलणार न्हाई.”

राहिली गद्दी. उंचीइतकीच रुंदीही नडते. मांड्या फाकल्या की पाय आखूड पडतो. म्हणून पुढच्या दोन्ही कडा छाटावयाच्या. कव्हर निघाले, तो फोममध्ये बंधूंच्या बसण्याने पडलेला खोलगट ठसा दिसला. मिस्त्रींची सुरी थबकली. “राहू द्या,” हे शब्द आमच्या ओठांवर आले होते.

“कापा,” पुतणी म्हणाली.

संध्याकाळी त्याच वळणावर तिने गाडी थांबविली. आम्ही मागे बसलो होतो. तिचा डावा पाय रस्त्यावर नीट टेकला. बंधूंची गाडी आम्ही जशीच्या तशी जपली असती, तर ती पडवीत गंजून गेली असती.